बोलणाऱ्याचं नाव

आमच्या नणंदबाईंना नोंदींचं भारी वेड. साखरेच्या डब्यावरसुद्धा भरल्याची तारीख चिकटवलेली. एकदा मी वैतागून म्हटलं, "ताई, माझ्या कपाळावरही लावा एक चिठ्ठी, या घरात कधी आणली त्याची!" त्यावर चष्मा पुसत म्हणाल्या, "तुझी नोंद पक्की आहे गं."

लग्न केलं नाही त्यांनी. परदेशी मदतसंस्थेच्या दप्तरखान्यात उभं आयुष्य काढलं. वस्तीत संस्थेची सभा भरली की लोक बोलणार, ताई लिहिणार, मग तेच संस्थेच्या भाषेत उतरवून मुख्य कचेरीला पाठवणार. आता आमच्याकडची रीत अशी, की घरातलं मोठं माणूस सभेला बसलं असेल तर बोलो कुणीही, बोलणं त्या मोठ्या माणसाचं धरायचं. लेकी-सुनांचं नाव कागदावर घालायचं म्हणजे त्यांना चव्हाट्यावर आणायचं. ताई वर्षानुवर्षं तसंच लिहीत आल्या. तिकडे मुख्य कचेरीला वाटत असणार, या वस्तीत फक्त म्हातारेच तोंड उघडतात!

पाण्याच्या सभेत मी बोलले. मला कुठे गप्प बसवतं! टाकीवरचे सरकारी पहारेकरी नळाला कुलूप घालतात, जाब विचारला तर काठी उगारतात, हे मी त्यांच्या जमादाराचं नाव घेऊन सांगितलं. शेजारी सासरे बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं, ते आपले मान डोलावत होते. ताईंनी रीतीप्रमाणे सगळं त्यांच्या नावावर लिहिलं.

पुढे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने हीच तक्रार थेट ठाण्यात जाऊन केली. भर दुपारी त्याला गाडीत घालून नेलं. दुकानाला कुलूप, आत लोकांचे कपडे तसेच पडलेत. त्याची बायको दारोदार विचारत फिरते, कुणी धड उत्तर देत नाही.

आणि नेमका तेव्हाच मुख्य कचेरीचा निरोप आला. टाकीची तक्रार सरकारकडे जाणार, बोलणाऱ्याच्या नावासकट. त्याआधी खातरजमा करायला साहेब स्वतः येणार. नाव तेवढं गाळा म्हणून ताईंनी विनवून पाहिलं. उत्तर आलं, नाव नसेल तर ती तक्रार नव्हे, अफवा. त्यांच्या देशात म्हणे, नाव कागदावर आलं की माणसाला संरक्षण मिळतं. मिळत असेल बाई!

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. "माझ्या हातांनी बाबांना अडकवलं गं. त्यांचं हृदय असं नाजूक, कोठडीत एक रात्र निघायची नाही त्यांची."

"मग माझं नाव घाला. बोलले मी."

"आणि कडेवरच्या पोरीला कोण बघेल? माझा भाऊ तिकडे परमुलखात नोकरीला!" खेकसल्याच त्या. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

ठरल्या दिवशी पोरीला शेजारणीकडे ठेवून आम्ही तिघं कचेरीत गेलो. साहेब बिचारा वाईट नव्हता, सासऱ्यांना स्वतः खुर्ची पुढे केली. पण त्याला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्याची. मध्ये ताई. त्याने काहीतरी विचारलं. ताई सासऱ्यांच्या कानाशी वाकल्या. "बाबा, टाकीचं तुम्ही बोललात का, विचारताहेत."

"हो, हो," सासरे हसून म्हणाले. ऐकू आलं नाही की ते हो म्हणतात.

खिडकीखाली एक गाडी येऊन थांबली होती, कुणाची कोण जाणे. टेबलाची कड धरून मी उठले. "ते नाही, मी बोलले! सांगा त्याला, ताई!"

साहेबाने ताईंकडे पाहिलं. ताई माझ्याकडे बघायलाच तयार नाहीत. त्या त्याच्या भाषेत सावकाश काहीतरी म्हणाल्या. तो चमकला, पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मग त्याने कागदावरचं नाव खोडलं, दुसरं लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढे केला.

तो माझ्यापुढे यायला हवा होता. गेला ताईंपुढे.

"ताई, काय सांगितलंत त्याला?"

"तू म्हणालीस तेच. 'मी बोलले'," ताई म्हणाल्या, आणि सही केली. खाली तारीखही घातली.

तक्रार रवाना झाली. ताई रोज कामावर जातात. यायला जरा उशीर झाला की मी पोरीला घेऊन दारात उभी राहते. संध्याकाळी गल्लीत गाडी थांबली की आम्हा दोघींचा घास हातातच राहतो. सासरे विचारतात, "काय झालं?" मी त्यांना भात वाढते.

परवा साखरेचा डबा घासला, चिठ्ठी निघून आली. नवी लावायला ताईंना हाक मारली.

"तूच लिही," त्या आतून म्हणाल्या. "सवय असू दे."