स्टिअरिंगवरची लाल चिंधी

माझ्या छोट्या गाडीच्या टपावर सायकलचा कॅरियर बसवून द्यायला बालाघाटात एकच माणूस तयार झाला. बाकीच्यांनी विचारलं, सायकल असताना गाडी कशाला? अडाणी लोक! व्यायामाची सायकल आधी गाडीवरून किरनापूरपर्यंत न्यावी लागते, मगच व्यायाम होतो, हे त्यांना कोण सांगणार?

हा वारासिवनी रोडवरचा वेल्डर. तोंडात दोन नट धरूनच बोलायचा. कॅरियरसोबत आलेलं चाळीस पानी माहितीपत्रक त्यानं बसायला घेतलं. मग टपाला कान लावून बोल्ट आवळले. आवाजावरून कळतं म्हणे! शेवटी वर सायकल चढवून त्यानं ती अशी गदागदा हलवली की अख्खी गाडी डोलली, सायकल मात्र जागची हलली नाही.

निघताना त्यानं माझ्या स्टिअरिंगला लाल चिंधी बांधली.

"हे कशाला?"

"वर सायकल हाय हे मानूस इसरते, साहेब. चिंधी दिसली का याद येते."

"अहो, मी इंजिनिअर आहे."

"हौ, म्हणूनच बांधून राह्यलो."

पहिल्याच वळणावर मी ती चिंधी सोडून खिडकीबाहेर फेकली. घरी आलो आणि गाडी झोकात पोर्चमध्ये घातली. वरून कडाड् आवाज आला.

दुसऱ्या दिवशी वाकडा कॅरियर घेऊन गेलो. त्यानं कॅरियर सरळ केला, बोल्ट आवळले, खिशातून नवी चिंधी काढली. मी मुकाट्यानं स्टिअरिंगकडे बोट दाखवलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली आणि चिंधी माझ्या मनगटाला बांधली.