पुठ्ठ्याच्या कारखान्याचे मालक

आमच्या सातपूरच्या पट्ट्यात नव्वद सालानंतर ज्याने ज्याने कारखाना काढला, त्याने आधी मशीन घेतलं आणि मग यादवराव बोराडे गाठले. ज्या शहाण्यांनी आधी यादवरावांना गाठलं ते सुखी झाले. मी आधी लेथ मशीन घेतलं, त्यामुळे ते पावसाळाभर माझ्या गाळ्यात फडक्याखाली झोपून होतं.

यादवराव नाशिकरोडला जेलरोडवर राहायचे आणि लोकांना लायसन काढून द्यायचे. एम-एटी गाडीच्या कॅरिअरला फायली बांधून सकाळी निघायचे. ऑफिसांची सरकारी नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. धुराचं ऑफिस, आगीचं ऑफिस, विजेचं ऑफिस, एवढंच. "आज धुराकडे जाऊन येतो, उद्या आग बघू," असं म्हणाले की नवख्या माणसाला वाटायचं, याचं घर पेटलंय.

मला त्यांनी पहिल्याच भेटीत सगळा कारभार समजावला होता. नोंदणी व्हायची तर साहेबाला मशीन चालू दिसलं पाहिजे. मशीन चालायला वीज पाहिजे. आणि वीज मिळायला नोंदणी झालेली पाहिजे.

"मग सुरुवात कुठून करायची?" मी विचारलं.

"चहापासून," यादवराव म्हणाले.

असे दुसऱ्यांचे कारखाने उभे करता करता पन्नाशी आली आणि अठ्ठ्याण्णव साली त्यांना स्वतःच मालक व्हावंसं वाटू लागलं. ओझर, पिंपळगाव, दिंडोरीकडे द्राक्षबागा वाढल्या होत्या आणि पुठ्ठ्याची खोकी पुरत नव्हती. यादवरावांनी शिंदे गावाजवळ गाळा घेतला, पुठ्ठा कापायचं आणि पिना मारायचं जुनं मशीन आणलं. दारावर पत्र्याचा बोर्ड आणि त्यावर प्रोप्रायटर म्हणून आपलं नाव, एवढीच त्यांची हौस. जन्मभर लोकांच्या बोर्डाखालून वाकून आत गेलेल्या माणसाने एवढं मागितलं तर काय बिघडलं? द्राक्षाचा हंगाम जानेवारीत लागतो. त्याआधी परवाने हातात पडले नाहीत, तर वर्ष वाया जाणार होतं.

परवाने काय, त्यांच्या हातचा मळ, असं आम्ही समजत होतो. पण पहिल्याच ऑफिसात क्लार्कने विचारलं, "कोणाची फाइल, यादवराव?"

"माझी."

"ते कळलं हो. मालक कोण?"

"मीच."

क्लार्क हसला. शेजारच्या टेबलालाही हसू आलं. "पार्टीला पाठवून द्या. फोटो जुळवून बघावा लागतो."

"फोटो माझाच आहे."

"तेच म्हणतोय. चुकून तुमचा लागलाय बघा."

धुराकडे तेच, आगीकडे तेच. विजेच्या ऑफिसात साहेबांनी त्यांना केबिनमध्ये घेतलं, दार लोटलं आणि खासगीत विचारलं, "आता खरं सांगा. मागे कोण आहे? आमदार?" यादवराव शपथा घेत गेले तसा साहेबांचा संशय वाढत गेला. माणूस एवढ्या शपथा घेतोय म्हणजे मागे मंत्रीच असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि घाबरून फाइल बाजूला ठेवली.

नोव्हेंबर असाच गेला. शेवटी यादवरावांनी एजंट धरला. जन्मभर एजंटगिरी केलेल्या माणसाला एजंट धरावा लागला, यावर हसायची मला चोरी झाली होती. हा भिकन नांदगावकडचा. यादवरावांच्या मागे मागे हिंडून हा धंदा शिकलेला. त्याने सरळ तंबी दिली.

"अण्णा, तुम्ही मालक हायेत ना? मग मालकावानी घरी बसा. हापिसात पाऊल टाकायचं नाय. आन् नियम तर लय बोलता तुम्ही. मालकाला कुठं नियम म्हाईत असतो?"

यादवराव घरी बसले. म्हणजे खिडकी ते दार येरझारा घालत राहिले. त्यांची बायको सरिता म्हणाली, "अहो, बसा एका जागी. मालक असे फिरत नाहीत." आणि खरंच, मालक घरी बसल्याबरोबर फाइल टेबलामागून टेबल पुढे सरकू लागली. डिसेंबरच्या मध्यावर नोंदणीच्या तपासणीची तारीखही मिळाली.

त्या दिवशी सरिताने सफारीला कडक इस्त्री केली. यादवरावांना टेबलामागे फिरत्या खुर्चीत बसवलं. भाड्याच्या जनरेटरवर मशीन चालू होतं. कारखाना भरलेला दिसावा म्हणून मलाही बोलावलं होतं. मी एकच पुठ्ठा इकडून तिकडे नेत होतो. सगळ्यात मोठं नशीब म्हणजे साहेब बदलून आलेले, नवे. यादवरावांना ओळखतही नव्हते.

जीप थांबली. साहेब दारात आले, बूट झटकले आणि म्हणाले, "मालक कुठे आहेत?"

यादवराव खुर्चीतून ताडकन उठले. हात जोडले. "मालक बाहेरगावी गेलेत, साहेब. आत्ताच गेले. मी आहे ना!"

भिकनने कपाळावर हात मारला. यादवरावांना आपलं बोलणं आपल्याच कानांनी ऐकू आलं आणि त्यांचा चेहरा पार उतरला. इतकी वर्षं ज्या ज्या साहेबाने विचारलं त्याला हेच सांगत आले होते. जीभ सवयीने चालली, सफारी अंगात आहे हे तिला कोण सांगणार? मला त्यांची इतकी कीव आली की मी पुठ्ठा घेऊन उगाच जनरेटरकडे बघत राहिलो.

"मग मालक आले की कळवा," साहेब बॅग बंद करत म्हणाले. "पुढची तारीख जानेवारीअखेर बघू."

सरिता आतल्या बाजूला पुठ्ठा चिकटवायची खळ ढवळत होती. तसेच चिकट हात घेऊन ती बाहेर आली.

"मालक कशाला लागतात? मालकीण आहे की. काय विचारायचं ते विचारा."

"म्हणजे कारखाना तुमच्या नावावर आहे?" साहेबांनी विचारलं.

 सरिता यादवरावांकडे बघत राहिली. आम्ही सगळेच त्यांच्याकडे बघत होतो. यादवराव घसा साफ करून म्हणाले, "अर्जात नावाची दुरुस्ती करून देतो, साहेब. त्याच फाइलीत चालते, तशी तरतूद आहे."

साहेब खूश झाले. सरिताला म्हणाले, "मॅडम, तुमचा माणूस हुशार आहे."

नाताळच्या आत सगळे परवाने आले. बोर्ड लागला, 'प्रोप्रा. सौ. सरिता यादव बोराडे.' खोक्यांचं चांगलं चाललं. पुढे दुसरं मशीन आलं, शेजारचा गाळा आला. नूतनीकरणाच्या फायली घेऊन यादवराव पुन्हा त्याच ऑफिसांत जाऊ लागले आणि आता कोणी हसत नव्हतं. "बोराडे मॅडमची का? द्या इकडे," म्हणत क्लार्क शिक्का मारायचा. यादवराव ते मला कौतुकाने सांगायचे. मला मात्र ऐकताना राग यायचा, क्लार्कचा कमी आणि यादवरावांचा जास्त.

दोन हजार सहा साली बोर्डाचा रंग उडाला म्हणून पेंटर बोलावला होता. मी तिथेच चहा पीत होतो. सरिता पेंटरला म्हणाली, "या वेळी यांचं नाव टाका. कागदोपत्री नंतर बघता येईल."

"नको नको," यादवराव हसत म्हणाले. "माझं नाव बघितलं की माणसं आत येऊन विचारतील, मालक कोण?"

"मग सांगायचं, मी आहे म्हणून."

"सांगितलं होतं की. सगळ्या ऑफिसांत सांगितलं. कोणी ऐकलं?"

"ऑफिसांचं सोडा," सरिता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "त्या दिवशी तो साहेब विचारत होता तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते. इतका वेळ बघत होते. तेव्हा का नाही बोललात?"

यादवरावांचं हसू तोंडावरच राहिलं. शिडीवरचा पेंटर ब्रश धरून थांबला होता. त्याने विचारलं, "मग काय लिहू, अण्णा?"

"आहे तेच लिही," यादवराव म्हणाले. "अक्षरं जरा मोठी काढ."