चहानंतरची बाजू

कोर्टातल्या वकिलांनी तिला ‘स्वल्पविरामबाई’ हे नाव ठेवलं होतं. अडतीस वर्षं ती कोर्टात लघुलेखिका होती, आणि साक्षीदार जिथे श्वास घेई तिथे तिच्या कागदावर स्वल्पविराम पडे. एका वकिलाने एकदा जबानीतला शब्द बदलायला सांगितला, तर ती म्हणाली, “साहेब, बोलताना बदला. मी लिहिताना बदलत नाही.” निवृत्तीच्या दिवशी न्यायाधीशांनी भाषणात ते वाक्य सांगितलं. घड्याळ भेट मिळालं, त्यापेक्षा तिला त्या वाक्याचं अप्रूप जास्त.

तिच्या लिहिण्याची एक ठरलेली पद्धत होती. लिहिताना ती मान वर करत नसे. वहीच्या पानावर मधोमध रेघ. डावीकडच्या बाकावरून आवाज आला की डावीकडे लिहायचं, उजवीकडून आला की उजवीकडे. कोर्टात वादी आणि प्रतिवादी जागा बदलत नाहीत, त्यामुळे अडतीस वर्षांत या पद्धतीने कधी दगा दिला नव्हता.

घरी मात्र वादी-प्रतिवादी एकाच ताटातले निघाले. गावातून वाहणारा ओढा रंगाई कारखान्याच्या सांडपाण्याने सोमवारी निळा, तर बुधवारी तांबडा वाहायचा. खालच्या वस्तीच्या विहिरी खराब झाल्या होत्या. तिची लेक डॉक्टर. वस्तीतली पुरळ उठलेली पोरं तिच्याच दवाखान्यात येत. तिने आणि काही शिक्षकांनी मंडळ काढलं. त्यांची मागणी एकच, कारखाना बंद करा. तिचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात रंगाच्या हौदावरचा मुकादम. त्याने कामगारांचं मंडळ काढलं. त्यांची मागणी, कारखाना चालू ठेवा, पण पाणी शुद्ध करून सोडा. गावाने एकांना ‘बंदवाले’ म्हटलं, दुसऱ्यांना ‘चालूवाले’. मामा-भाची आठ महिने एकमेकांशी बोलत नव्हते, आणि दोघंही तिच्याकडे येऊन एकमेकांची चौकशी करत.

नगरपालिकेच्या नव्या नियमाचा मसुदा निघाला. त्यात कारखान्याला पाणी शुद्ध करायला पाच वर्षांची मुदत होती. हरकतींची शेवटची वेळ शुक्रवारी संध्याकाळी पाच. याआधी दोनदा असंच झालं होतं: दोन मंडळांचे दोन अर्ज गेले, एक उत्तरेला, एक दक्षिणेला, आणि नगराध्यक्ष दोन्ही वेळा हसून म्हणाले, “आधी तुमचं तुमच्यात ठरवा, मग आमच्याकडे या.” दोन्ही अर्ज फायलीत गेले आणि ओढा आपला रंग बदलत राहिला.

तेव्हा ग्रंथपालांनी मध्यस्थी केली. मंगळवारी दुपारी वाचनालयाच्या सभागृहात एकच बैठक, आणि इतिवृत्त लिहायला स्वल्पविरामबाई. कारण दोन्ही मंडळांचा विश्वास बसेल असं गावात तेवढंच एक माणूस उरलं होतं.

पहिला तास मामा आणि भाचीनेच खाल्ला.

“विहिरीचं पाणी तुम्ही स्वतः पिऊन दाखवा, मामा!”

“आणि तीनशे घरांची चूल तू पेटवून दाखव, डॉक्टरीणबाई!”

ग्रंथपालांनी टेबलावर पट्टी आपटली. “तुम्ही दोघं आता फक्त चहा प्यायचा. चहानंतर बाकीचे बोलतील.”

चहा झाला. बाकीचे बोलले. लघुलेखिकेने मान खाली घालून लिहिलं, बुधवारी टंकलेखन केलं, आणि दोन्ही मंडळांना आपापल्या बाजूच्या मुद्द्यांची एकेक प्रत दिली. सोबत सूचना: आपल्या बाजूचे जे मुद्दे सोडता येणार नाहीत, त्यांवर पेन्सिलने खूण करा.

गुरुवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी लेक प्रत घेऊन आली. नऊपैकी सात मुद्द्यांवर खुणा होत्या.

“आई, आमचे लोक किती नेमकं बोलले बघ! मला वाटलं होतं, वाहवत जातील.” आणि तिने वाचून दाखवलं, “‘हातमोजे आठ दिवसांत विरतात, मग चामडीचं काय होत असेल? पाण्याची तपासणी कारखान्याने नाही, बाहेरच्या माणसाने करावी आणि रोजचा आकडा फाटकावर लावावा.’ लाखमोलाचं बोलले ना?”

आईने चष्मा पुसला. “हातमोजे? तुमच्यात हौदावर कोण उभं राहतं गं?”

लेकीने कागदाकडे पाहिलं. मग आईकडे. “कोणाचा तरी नातेवाईक असेल.” आणि ती दवाखान्यात निघून गेली.

दुपारच्या सुट्टीत भाऊ आला. त्याच्याही कागदावर सात खुणा. “ताई, मान गये! आमची माणसं अडाणी म्हणतात लोक. हे ऐक. ‘पाणी शुद्ध करायची यंत्रणा बसेपर्यंत हौद बंद ठेवावेत, पण कामगारांचा पगार थांबता कामा नये, म्हणजेच बंदीची झळ मालकाला लागावी, मजुराला नाही.’ आमच्यातलं कोण एवढं बोललं, तेच आठवत नाही.”

‘म्हणजेच’ हा शब्द गावात एकच माणूस वापरत असे: भूगोलाचे निवृत्त मास्तर, बंदवाल्यांचे खजिनदार. इयत्ता पाचवीपासून सगळ्या गावाने तो शब्द ऐकला होता. भावानेही. पण कागदावर आपली बाजू दिसली की माणूस कान बंद करतो.

भाऊ गेल्यावर तिने वही काढली आणि ग्रंथपालांना फोन लावला. “चहानंतर सगळे आपापल्या जागी बसले होते ना?”

“छे हो! डाव्या बाकांवर ऊन आलं होतं. तिथले चालूवाले चहा आटपून आधी आले आणि उजवीकडचे सावलीतले बाक धरले. बंदवाले मग उन्हात बसले. तुम्ही नाही पाहिलंत?”

तिने पाहिलं नव्हतं. ती मान वर करत नाही.

चहानंतरचे अठराच्या अठरा मुद्दे उलटे पडले होते. चूक तिची होती, आणि गाव तिच्या शब्दावर विसंबून उद्या अर्ज करणार होतं. गप्प राहावं तर काम आयतं होत होतं: दोघांनाही आपलंच म्हणणं पटलं होतं, दोन्ही कागद जोडले की एक अर्ज तयार. सांगावं तर दोन्ही मंडळं खुणा खोडणार, शुक्रवार हातचा जाणार, आणि अडतीस वर्षांच्या नावाला बट्टा लागणार तो वेगळाच. जेवणाचं ताट तसंच ठेवून तिने एक पान टंकित केलं. वर लिहिलं: ‘दुरुस्ती’.

शुक्रवारी दहाला सगळे वाचनालयात जमले. ती उभी राहिली.

“इतिवृत्तात चूक आहे. चहानंतर तुम्ही बाक बदललेत आणि मी बाजू बदलली नाही. ज्यांवर बंदवाल्यांनी खुणा केल्यात ते चालूवाल्यांचे मुद्दे आहेत. आणि उलट.”

माना आपापल्या कागदांवर वाकल्या. मग मास्तर म्हणाले, “म्हणजेच परवा मी ज्यावर दोन खुणा केल्या, ते वाक्य...”

“माझं,” मागून हौदावरची एक कामगार बाई म्हणाली. “हातमोज्यांचं. मास्तरांना कधीपासून हातमोजे कळायला लागले!”

कुणीतरी हसलं, आणि मग हसू आवरेना.

“खुणा खोडायच्या असतील तर खोडरबर टेबलावर आहे,” लघुलेखिका म्हणाली. “वेळ पाचपर्यंतच आहे.”

खोडरबराकडे कोणी गेलं नाही. लेकीने मात्र हात वर केला. “मला कारखाना बंदच हवाय. मत बदललेलं नाही.”

“मला चालूच हवाय,” मामा म्हणाला. “पण यंत्रणा बसेपर्यंत पगार मिळत असेल तर हौद बंद ठेवायला माझी ना नाही. तशी मीच खूण केलीये, आता तोंड कुठे लपवू?” मग आठ महिन्यांत पहिल्यांदा तो भाचीशी न भांडता बोलला. “मुदत किती?”

“सहा महिने.”

“दीड वर्ष.”

“एक,” ग्रंथपाल म्हणाले आणि पट्टी आपटली.

लघुलेखिका तोवर टंकलेखन यंत्रावर बसली होती. कोर्टात दोन्ही बाजू जे कबूल करतात त्यावर वाद होत नाही, त्याचा वेगळा कागद होतो. तिने शीर्षक दिलं: ‘उभयपक्षी मान्य’. खाली चौदा मुद्दे आणि एक वर्षाची मुदत. बाकीचे चार मुद्दे, कारखाना राहावा की जावा याच्यासकट, दुसऱ्या कागदावर, ‘अमान्य’. तो कागद तिने आपल्या पिशवीत ठेवला.

पाचला वीस मिनिटं कमी असताना नगरपालिकेच्या आवक खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, “हे ‘दुरुस्ती’चं पान कशाला जोडलंय? याची गरज नाही.”

“माझी चूक आहे. रेकॉर्डवर असू द्या.”

तीन आठवड्यांनी नगरपालिकेची सभा झाली. नगराध्यक्षांनी अर्ज हातात घेतला आणि सवयीने हसले. “यांचं आपसात तर ठरू द्या आधी...” पुढचं पान उलटलं. ते दुरुस्तीचं होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचायला घेतलं, निम्म्यावर थांबले. मागच्या बाकावरून एक सदस्य ओरडला, “वाचा ना पुढे! यांना एकमेकांचं म्हणणं स्वतःचं वाटलंय, आता आणखी काय ठरायचं राहिलंय?” प्रेक्षकांत मुकादम आणि डॉक्टर शेजारी शेजारी बसले होते. दुसरी जागा उरली नव्हती.

मतदान झालं. पाच वर्षांचं एक वर्ष झालं, तेरा विरुद्ध आठ. पगाराचं कलमही तसंच्या तसं, त्यातल्या ‘म्हणजेच’सकट.

फाटकावर आता रोजच्या आकड्याची पाटी आहे. मामा ती सकाळी वाचतो, भाची दुपारी, आणि संध्याकाळी दोघं स्वल्पविरामबाईंच्या स्वयंपाकघरात बसून कारखाना राहावा की जावा यावर भांडतात. ‘अमान्य’चा कागद फडताळात आहे. आणि कोण बोलतंय हे पाहायला ती आता मान वर करते.