पाणी कधी चढलं?

"पन गुरुजी, पाणी मागून का चढलं?"

विचारणारी सुमन चौथीत होती. सिन्नर तालुक्यातली शाळा. समोर जमिनीवर बसलेली चाळीस मुलं, मागे खुर्चीवर आमचे विस्तार अधिकारी. माझी नोकरी टेम्पररी होती. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे साहेबांच्या त्या दिवसाच्या रिपोर्टवर ठरणार होतं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी फिरता प्रात्यक्षिक शिक्षक होतो. म्हणजे सामानाची पत्र्याची ट्रंक एसटीच्या टपावर टाकायची, गावोगाव उतरायचं आणि तेच पाच प्रयोग करून दाखवायचे. सात वर्षांत पार कंटाळून गेलो होतो.

हा त्यातला सगळ्यात सोपा. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, ग्लासात पाणी चढतं.

"ज्योतीनं प्राणवायू खाल्ला. जागा रिकामी झाली, म्हणून पाणी चढलं," मी नेहमीचं सांगितलं.

"ती खात व्हती तवा पाणी हाललंच नाय. इझल्यावर चढलं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "अहो, पुढचा प्रयोग घ्या."

'बस खाली' अगदी ओठांवर आलं होतं. पण पाणी नेमकं कधी चढतं, हे मलाच सांगता येईना. ग्लास ठेवला की मी वळून फळ्यावर 'प्राणवायू' लिहायचो. सात वर्षं प्रयोगाकडे पाठ करून उभा होतो. भयंकर लाज वाटली.

मेणबत्ती पुन्हा लावली. या वेळी मीही बघत बसलो. पोरीचं बरोबर होतं.

"मला नाही माहीत," मी म्हणालो. "तुला काय वाटतं?"

"आई डब्यात गरम भाजी भरती. गार झाली का झाकण लय घट्ट बसतं. तसंच आसंल काहीतरी."

तसंच होतं. तापलेली हवा फुगते. ज्योत विझली की ती गार होऊन आकसते, आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. प्राणवायूचा वाटा थोडासाच. नाशिकला परतल्यावर हे मला एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी सांगितलं, तेही दोनदा विचारल्यावर.

रिपोर्टमध्ये साहेबांनी लिहिलं, 'विद्यार्थ्यांच्या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत.' घरी पाठवलं नाही, पण कायम व्हायला आणखी दोन वर्षं गेली. त्याचा राग आजही पुरता गेलेला नाही. पण त्या रिपोर्टमध्ये खोटं काहीच नव्हतं.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत, पाणी चढून थांबल्याशिवाय मी खडूला हात लावला नाही.