गोरखचा नंबर

पाथर्डीच्या स्टँडबाहेर शेवगावच्या जीपा रांगेनं लागतात. पहिली भरल्याशिवाय दुसरीत कुणाला बसू देत नाहीत, आणि रिकाम्या गाडीत पहिलं कुणी बसत नाही. म्हणून ड्रायव्हर आपलीच दोन माणसं हातात पिशवी देऊन मधल्या शीटवर बसवून ठेवतात. पॅसेंजर डोकावतो, त्याला वाटतं आता सुटेलच, आणि तो चढतो. गाडी भरत आली की बसवलेली माणसं गुपचूप उतरतात.

गोरखच्या गाडीत असं बसायला कुणी तयार नव्हतं. म्हणून त्याची बायकोच बसायची. गीता. मांडीवर पिशवी, पिशवीत जुनं लुगडं कोंबलेलं.

"आवं, जरा वरडा की. मुक्याला का पॅशिंजर मिळत्यात?"

"शेवगाव... शेवगाव," गोरख म्हणायचा. तुरुंगात हजेरी द्यावी तसा.

अकरा वर्षांपूर्वी याच रांगेत त्यानं बन्सीला मारलं. भांडण नंबराचं. बन्सीची गाडी भरली होती, निघायच्या बेतात होती. गोरख म्हणाला, नंबर माझा. बन्सी हसला. गोरखच्या हातात टामी होती, जॅकचा लोखंडी दांडा. एकच घाव, आणि बन्सी जागेवरच गेला. नंबर खरं तर कुणाचा होता, ते कोर्टात कुणी विचारलंही नाही.

तो आत असताना गीता भावाच्या जोडीनं कारखान्यावर ऊस तोडायला जायची. मोळ्या डोक्यावर वाहून तिची पाठ गेली. सुटून आल्या दिवशी गोरख म्हणाला, "यंदा तू फडात जानार न्हाईस. माझी शप्पथ." मेव्हण्यानं आपली जुनी जीप दिली. देताना एवढंच म्हणाला, "दाजी, दसऱ्यापर्यंत बघा. न्हाई चालली तर मी इकून टाकीन, आन् तुमी दोघं ऊसतोडीच्या मुकादमाला नाव सांगा."

दसरा चार दिवसांवर आला होता. गाडी एकदाही भरून सुटली नव्हती. लोक तोंडावर काही बोलायचे नाहीत. कुणाचा पाहुणा यायचा असायचा, कुणाला एकाएकी घाई नसायची. मग नंबर लावणारा भागवत बॉनेटवर थाप मारायचा. "गोरख, घे मागं. रांग तटली."

समोरच बनुबाईचा चहाचा गाडा. बनुबाई म्हणजे बन्सीची बायको. सगळे ड्रायव्हर तिच्याकडेच चहा प्यायचे. गोरख सुटून आला तेव्हा गाड्यापाशी जाऊन "वहिनी" एवढंच म्हणाला होता. ती ग्लास विसळत राहिली. तेव्हापासून तिनं त्याच्याकडं मान वळवली नव्हती.

त्या दिवशी तिनं स्टोव्ह बंद केला, पदराला हात पुसले आणि सरळ गोरखच्या जीपपाशी आली.

"सरक," ती गीताला म्हणाली, आणि शेजारी बसली.

रांगेतले ड्रायव्हर वळून बघू लागले.

"कुटं जायचं, वहिनी?" गोरखनं विचारलं.

"पाटी कशाची लावलीस? शेवगावची ना? मग तिथंच."

भागवतनं मोका सोडला नाही. "आरं, बनुबाई बसल्या! मग तुमाला काय धाड भरलीय? चला, चला!"

एक म्हातारा चढला. मग लेकरू घेऊन नवरा-बायको. मग कॉलेजच्या पोरी. गोरखचा गळा मोकळा झाला. "शेवगाव, शेवगाव! दोनच शीट! ए बाबा, पळ की, गाडी सुटली!"

आत गीता हळूच म्हणाली, "ताई, लई उपकार झाले."

"तुझी पाठ दुखती म्हनं."

"व्हय. मोळ्या वाहून."

"माझीबी दुखती. दिसभर हुभी आसते."

शेवटचा पॅसेंजर दारात आला. रीतीप्रमाणं गीता उतरायला उठली. बनुबाईनं तिचा हात धरला. "बस. कुटं चाललीस? मीच उतरते."

गोरखनं किल्ली फिरवली होती. आरशात त्याचे दात दिसत होते.

"गोरख, मागं बघ."

तो वळला. हसू अजून तोंडावरच.

"आसंच," बनुबाई म्हणाली. "बन्सीबी आसाच हसत हुता. त्याची पन गाडी भरली हुती. मला लई दिसांपासून बघायचं हुतं, भरल्या गाडीत तुझं तोंड कसं दिसतं."

"वहिनी, मी शिक्षा भोगलीय."

"भोगलीस, आन् सुटलास. मी कवा सुटायची ते जज्जानं सांगितलं न्हाई."

ती उतरली. मागं न बघता गाड्यापाशी जाऊन तिनं स्टोव्हला हवा मारायला घेतली.

"आयला, माझी काठी हाटेलातच ऱ्हायली," म्हातारा म्हणाला. काठी त्याच्या हातातच होती. लेकराला एकाएकी तहान लागली. पोरी काही न बोलताच उतरल्या. सगळे मागच्या जीपमध्ये जाऊन बसले.

भागवतनं थाप मारली, पण आज हळू. "नंबर सोड, गोरख. गाडी काढ."

त्यानं गाडी काढली. रांगेत मागं लावली नाही, तशीच शेवगावच्या रस्त्याला घातली. गाव मागं पडलं.

"पुढं यिऊन बस की," तो म्हणाला.

गीतानं पिशवीतलं लुगडं काढलं, घडी करून पाठीमागं घेतलं आणि टेकली.

"मुकादम आत्ता घरीच आसंल," ती म्हणाली. "तिकडं घ्या."