सिस्टरांची पिल्लं

सिस्टरांच्या घरी रोज सकाळी सातला ताट पडायचं. हातातून निसटून नव्हे; सिस्टर ते मुद्दाम पाडायच्या. मी पिंगळीला शिक्षक म्हणून रुजू झालो आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली, तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटलं, शेजारी नवरा-बायकोचं कडाक्याचं वाजलंय. मग कळलं, नवरा वारून दहा वर्षं झालीत आणि ताट पडतं ते कुत्र्याच्या पिल्लांसाठी.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. अर्ध्या गावाला त्यांनी सुया टोचलेल्या, त्यामुळे भल्याभल्यांचा त्यांना धाक नव्हता. "सरपंच असू दे न्हाईतर कुनी, सुई बघितली की समदे सारखेच रडतेत," हे त्या सरपंचांच्या तोंडावर म्हणायच्या.

गल्लीतली बेवारस पिल्लं त्या सांभाळत आणि मोठी झाली की आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी राहणाऱ्यांना राखणीला देत. पण देण्याआधी पिल्लू आवाजाला सरावलंच पाहिजे. त्यामागे कारण होतं. त्यांचा राजा नावाचा कुत्रा दिवाळीत फटाक्यांना भिऊन साखळी तोडून पळाला, तो थेट घरामागच्या रुळांवर. त्याबद्दल त्या माझ्याशी एकदाच बोलल्या. "त्याला बसायला शिकवलं, हात द्यायला शिकवलं. कामाचं तेवढं ऱ्हायलं," म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

ताट आधी अंगणाच्या पार टोकाला, पोत्यावर पडे आणि त्याच क्षणी पिल्लापुढे भाकरीचा तुकडा येई. चार-पाच दिवसांनी पोतं निघे. मग ताट हळूहळू ओसरीकडे सरके. "आवाज लांबून, भाकर जवळून," असं त्यांचं म्हणणं. पिल्लू पलंगाखाली घुसलं तर ओढायचं नाही. त्या दिवसाची शाळा सुटली. कुकरची शिट्टी, मिक्सर, माझी फटफटी, सगळं या अभ्यासक्रमात होतं. एकदा मी धडा मोठ्याने वाचत होतो, तर कुंपणापलीकडून म्हणाल्या, "सर, तुमचा आवाज काई कामाचा न्हाई. पिल्लं झोपायलीत."

बुंदी नावाचं पिल्लू आणि तिची आई घरी येऊन दोनच दिवस झाले होते, त्याच सुमारास सरपंचांच्या मुलाची वरात निघाली. डीजेने भिंती हलत होत्या आणि बुंदी कोपऱ्यात थरथरत होती. सिस्टर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "घरात बाळंतीण हाय. लेकरू दचकायलंय."

सरपंचांनी स्वतः डीजे बंद करायला लावला. अख्खी वरात आमच्या दारावरून चोरपावलांनी गेली, नवरदेवासकट.

दुसऱ्या दिवशी सरपंचांच्या बायको डिंकाचे लाडू आणि एक टोपडं घेऊन हजर. सिस्टरांनी शांतपणे बुंदी त्यांच्या मांडीवर ठेवली. "हे लेकरू. बाळंतीण उकिरड्याकडं गेलीय, येईलच." मी खिडकीआडून बघत उभा. बाईंनी बराच वेळ बुंदीकडे पाहिलं, मग टोपडं तिच्या डोक्याला बांधलं. "बसलं बरुबर," म्हणाल्या. लाडू बाळंतिणीला दोन मिळाले, बाकीचे आम्ही संपवले. तीन महिन्यांनी बुंदी त्यांच्याच आखाड्यावर गेली.

सिस्टर गेल्या वर्षी गेल्या. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या सकाळी उठल्याच नाहीत. ओसरीवर त्यांना निजवलं होतं. बायकांनी गळे काढले होते, दारात गाड्या येऊन थांबत होत्या, कुणीतरी माणसं बोलवायला फोनवर ओरडत होतं. मीही रडलो, माझ्या चौथीच्या वर्गातली पोरं बघत असताना, चांगला हमसून.

त्यांच्या कुशीला लागून तीन पिल्लं झोपली होती. उचलायची वेळ झाली तेव्हा मी त्यांना एकेक करून बाजूला ठेवलं. सगळ्यात धाकट्याने एक डोळा उघडला, त्या सगळ्या कल्लोळाकडे पाहिलं, जांभई दिली आणि माझ्या पायावर मान टाकून पुन्हा झोपलं.