खंडेनवमीला मशीन चालू होती

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहिण्यात चुका निघतील, काढणाऱ्यानं काढाव्यात. पण आम्ही घरी जी सीएनसी राऊटर मशीन बनवली तिची चौकट माझ्या हातची आहे, अन् ती मशीन शौकासाठी बनवली होती, धंद्यासाठी नाही, एवढं मात्र कुणी खोडू नये.

देऊळघाटला माझं वेल्डिंगचं दुकान होतं. वखर-डवरे अशी शेतीची अवजारं, दारं, खिडक्यांच्या जाळ्या, जन्मभर लोकांनी सांगितलं ते केलं. आपल्या मनाला वाटली म्हणून एक वस्तू कधी केली नाही. पुढे पोरं भाजीपाल्यात लागली, दुकान बंद झालं. पण शेड मी पाडू दिली नाही अन् वेल्डिंगचं सामान विकू दिलं नाही. पोरं म्हणायची, बाबा, गंजून राह्यलं. मी म्हणायचो, गंजू द्या, माझं आहे.

माझा दोस्त चौथीत माझ्या शेजारी बसायचा. तो पुढं शिकला, बुलढाण्याला सरकारी हापिसात कारकून झाला, तिथंच घर बांधलं. रिटायर झाल्यावर दर आठवडी बाजाराला माझ्या शेडमधे येऊन बसायचा. एक दिवस मोबाईल घेऊन आला. त्यात एक यंत्र लाकडावर आपोआप नक्षी कोरत होतं.

"हे आपल्याले बनवता येते," तो म्हणाला. "वायरिंग अन् कॉम्प्युटर मी पाह्यतो. लोखंड तुह्यं."

"अन् करायचं काय तिचं?"

"करायचं काय म्हंजे? शौक! सारी जिंदगी एक तरी शौक केला काय बे तू?"

"केला न. तुह्याशी दोस्ती केली."

तो इतका हसला की चहा सांडला.

ज्यांनी अशी मशीन पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाली सपाट पाट, त्यावर आडवा पूल. पूल मागं-पुढं सरकतो, पुलावरचा डबा डावीकडं-उजवीकडं, अन् डब्यातला कोरणारा बिट वर-खाली. प्रत्येक दिशेची मोटर वेगळी. कॉम्प्युटर सांगतो तशा मोटरी फिरतात. ऐकायला सोपं आहे. पण खालची चौकट जराशी वाकडी झाली तर वरचं सगळं वाकडं. अन् लोखंड तापलं की ओढतं, एका बाजूला वाकतं. म्हणून मी वेल्डिंगचा एक टाका इकडं मारायचो, एक तिकडं, मधे थंड होऊ द्यायचो. मग सुतळी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ताणून पाहायची. फरक दिसला की टाके कापायचे, पुन्हा मारायचे. दोस्त वैतागायचा.

"अबे, आभाळात उडवायची हाय काय ही? दे न मारून!"

"तू तुह्या वायरी पाह्य."

पहिल्यांदा चालवली तेव्हा बिटाच्या जागी बॉलपेन बांधला अन् कागदावर गोल काढायला लावला. निघालं वांगं.

"तुह्यी चौकट वाकडी," तो म्हणाला.

"चौकट वाकडी निघाली तं मिशी उतरवतो. तुह्या कॉम्प्युटरलेच गोल माहीत नाही."

त्यावर तो उठून गेला. पुढच्या बाजाराला आला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. मग एक दिवस स्वतःच आला अन् सरळ पुलाखाली वाकला. मोटर अन् फिरता स्क्रू जोडणारी चिमणीएवढी कपलिंग, तिचा बोल्ट सैल होता. चौकटही बरोबर होती अन् कॉम्प्युटरही. बोल्ट आवळला अन् मशीननं असा गोल काढला की मी कागद घडी करून खिशात ठेवला.

पहिलं काम माझ्या बैलजोडीचं. बैल कधीचे गेले, फोटो तेवढा उरला होता. दोस्तानं तो कॉम्प्युटरमधे घातला, सागाच्या फळीवर कोरला. डाव्या बैलाचं शिंग टोकाला तुटलं. तो म्हणाला दुसरी फळी लावू. मी म्हटलं, राहू दे, हाच माझा बैल. त्या दिवशी आम्ही दोघांनी मशीनच्या पाटावर हात ठेवले. मी म्हटलं, "हिले धंद्याले लावायचं नाही. लोकाचं काम घ्यायचं नाही." तो म्हणाला, "हाव."

मग लाइनीचा त्रास सुरू झाला. आमच्याकडं लाइन कधी येते कधी जाते, व्होल्टेज पडलं की मोटर मधेच फेरा चुकते अन् फळी वाया. दोस्त म्हणाला, थोडे दिवस बुलढाण्याला माझ्याकडं ठेवू, तिथं लाइन सरळ आहे. मला पटलं. टेम्पोत चढवताना मी स्वतः चौकटीखाली गोणपाट घातले. बैलाची फळीही तो संगं घेऊन गेला. नमुना पाहायला लागतो म्हणाला.

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. वखर असो, पाना असो, धुवून-पुसून मांडायचं, हळदीकुंकू, फुलं, नारळ. अन् पूजा झाली की त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही. वर्षभर राबतं, एक दिवस त्याचा. घरच्या शेडमधली पूजा मी सकाळी उरकली. म्हातारीनं, पोरांच्या आईनं, आमच्याच वावरातल्या झेंडूचा हार करून दिला होता, मशीनच्या मापाचा, लांब. तो पिशवीत घालून, नारळ घेऊन मी बुलढाण्याची बस धरली. मशीनची पहिली खंडेनवमी होती. आम्ही दोघं मिळून नारळ फोडू असं मी धरून चाललो होतो. त्याला फोन केला नाही. घरच्या कामाला कोणी फोन करतं का?

गल्लीत शिरलो अन् आवाज आला. बिट सागात उतरला की कसा आवाज येतो अन् पूल परतला की कसा येतो, मला डोळे झाकून सांगता येतं. पाय तिथंच थांबले. आज?

त्याच्या घराच्या पुढच्या खोलीला नवं शटर बसवलं होतं, वर उघडलेलं. आत त्याचा जावई कॉम्प्युटरपुढं. भिंतीला टेकवून दारावरच्या पाट्यांची थप्पी, कोणाकोणाच्या आडनावांच्या. अन् वर माझे बैल. एक जोडी नाही, चार जोड्या. सगळ्यांची शिंगं साबूत.

खुर्चीवर एक गिऱ्हाईक बसलं होतं. दोस्त त्याला सांगत होता, "मशीन आम्ही घरीच तयार केली. डिझाईन माझं."

गिऱ्हाइकानं माझ्याकडं पाहिलं. "हे कोण?"

दोस्तानंही पाहिलं. मला वाटलं आता उठेल.

"हे? हे आमचे वेल्डर. देऊळघाटचे. चौकट त्यायनंच मारून देली."

साठ वर्षं ज्यानं मला 'अबे' म्हटलं त्यानं त्या दिवशी मला मान दिला.

"मशीन बंद कर," मी म्हटलं.

जावई म्हणाला, "मधात बंद केली तर फळी जाईल, काका."

"आज नवमी हाय."

"पूजा झाली आमची सकाळीच," दोस्त म्हणाला. "उद्या दसऱ्याले पाट्या द्यायच्या हायेत, मंग काय करतं?"

तेव्हा चौकटीवरचं कुंकू दिसलं. फोडलेल्या नारळाची वाटी बाजूला होती. त्यांनी माझ्याशिवाय पूजा केली, अन् पूजा करून हत्यार चालवलं.

"तू शब्द देला होता."

गिऱ्हाईक मोबाईल पाहू लागलं. दोस्त मला शटरबाहेर घेऊन आला. "जावयाची नोकरी गेली. पोरगी घरी येऊन बसली. मी काय करू? तुले सांगनारच होतो."

"कधी?"

तो आत गिऱ्हाइकाकडं पाहू लागला.

मागितली असती तर मी दिली असती का? आजही सांगता येत नाही. कदाचित नसती दिली, माझा स्वभाव तसा आहे. पण मागायला पाहिजे होती. 'नाही' म्हणायचा हक्क तरी माझा होता, तोही त्यानं ठेवला नाही.

मी आत जाऊन हार काढला. पण पूल चालू होता, डबा इकडून तिकडं पळत होता. चालत्या मशीनवर हार कसा घालायचा? पुन्हा पिशवीत ठेवला अन् बस स्टँडवर आलो.

दुसऱ्या दिवशी दसरा. दिवेलागणीला तो सोनं घेऊन आला, आपट्याची पानं मुठीत. दसऱ्याला दाराशी आलेल्याचं सोनं वैरीही घेतो, हे त्याला माहीत होतं.

"घे," तो म्हणाला.

"त्या मानसाले जाऊन सांगतो काय, मी कोण ते?"

"अबे, गिऱ्हाईक होतं समोर..."

"सांगतो काय?"

तो पानांकडं पाहत उभा राहिला. 'हाव' म्हणाला असता, खोटं का होईना, तरी मी हात पुढं केला असता. मी वाट पाहिली. मग आत जाऊन बाजेवर बसलो अन् दार लोटून घेतलं.

बाहेर म्हातारीनं त्याच्याकडून सोनं घेतलं, त्याला बसवलं, चहा दिला. "त्यायच्या गुडघ्याले कसं हाय आता?" तो तिला माझ्याबद्दल विचारत होता. ती म्हणाली, "थंडीत दुखते." मग त्यानं चहा बशीत ओतलेला ऐकू आला. मी उठलो नाही.